आवाजबंद दारामागून

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त पत्रात, कंबर अजून धरलेलीच आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा आवाज कसा आहे? तो खणखणीत असेल तर तुमच्याकडे बाकी सगळं ठीक असणार, म्हणून वेगळं विचारत नाही. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

आपल्या दारांच्या दुकानाचा व्हिडिओ काढायचा घाट घातला आहे. तुमची भाची, म्हणजे आमची कन्या, म्हणते, हल्ली गिऱ्हाईक आधी फोनवर दुकान बघतं आणि मगच पायऱ्या चढतं. मला पटलं. तिने एक दिग्दर्शक आणला. हा गृहस्थ कोणाशीही बोलताना बोटांची चौकट करून तीतून बघतो, म्हणून मी त्याचं नाव चौकटवाला ठेवलं आहे. (आपल्याकडच्या चौकटी सागाच्या असतात, पण ते असो.) त्याने बसल्याबसल्या विचारलं, "काका, तुमची गोष्ट काय?" मी म्हटलं, गोष्ट कसली, दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारत होतो, आता माझ्या दुकानात दुसरे मारतात. तो एकदम खूश. "हेच, असंच बोला," म्हणून त्याने कॅमेरा लावला, आणि दाजी, मी गप्प. सकाळी कुलूप काढल्यापासून बंद करेपर्यंत तोंड चालवणारा माणूस मी, त्या काळ्या काचेसमोर नाव विचारलं तरी घाम पुसायला लागलो. वर चौकटवाला म्हणतो, "काका, जरा नैसर्गिक." म्हणजे काय? माझ्यात कृत्रिम फक्त दात आहेत, आणि तेही सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाहीत.

मग ठरलं की मी बोलायचं नाही, नुसतं दार उघडून हसत आत यायचं. आता दुकानात नमुन्याची दारं भिंतीला लागून उभी असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. उघडलं की मागे भिंत. चौकटवाल्याला ते ठाऊक नव्हतं. मला चाल दाखवायला म्हणून तो स्वतः ऐटीत एक दार उघडून निघाला आणि कपाळाने भिंत बघून आला. (खोटं का बोलू, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.) खरं उघडतं असं एकच दार, मागच्या कोठीचं. आपलं ते रबर लावलेलं, आवाजबंद. 'दार लावलं की जग बाहेर' असं सांगत मी आजवर जे विकत आलो, तेच. व्हिडिओही सगळा त्याच वाक्यावर उभा करायचा आहे.

तर मला कोठीत घालून दार लावलं. दारावर थाप पडली की बाहेर यायचं. मी प्लायवूडचे तुकडे आणि झाडू यांच्यामध्ये, चेहऱ्यावर हसू धरून उभा. आणि बाहेर ही मंडळी मोकळेपणाने बोलायला लागली, कारण आत काही ऐकू जात नाही.

"काका गोड आहेत हो," चौकटवाला म्हणाला, "पण कॅमेऱ्यात चोरीची तक्रार द्यायला आल्यासारखे दिसतात. त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी घेऊ."

"घ्या की," आमचं कन्यारत्न म्हणालं. "चेहरा कोणाचाही चालेल. आवाज मात्र बाबांचाच हवा. ते बोलायला लागले की आलेला माणूस दार घेतल्याशिवाय जात नाही. तो आवाज नसेल तर मला व्हिडिओच नको."

चेहरा कोणाचाही चालेल. माझं दुकान, दारावर पाटी माझ्या नावाची आणि चेहरा कोणाचाही. असा संताप आला की झाडू घेऊनच बाहेर पडणार होतो. पण दाजी, पडून सांगणार काय? ऐकू आलं म्हणालो तर दार खोटं, दार खोटं तर मी खोटा. थाप पडली. हसत बाहेर आलो. "काका, ऐकू आलं काही?" मी म्हटलं, "काय ऐकू यायचं?"

"बघा," कन्या म्हणाली. पण ती दाराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझी ट्यूब पेटली. लहानपणी शाळेचा अभ्यास ती त्याच कोठीत करायची, दार लावून, आणि जेवताना दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या हुबेहूब नकला करायची. आतून काय ऐकू येतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत? तोंडावर सांगता येईना म्हणून पोरीने दाराआडून सांगितलं, वर गोड बोलून. माप घेऊन मगच खिळा ठोकते. राग आहे तो याचाच, की रागवायला जागा ठेवली नाही.

(दार चांगलंच आहे. परक्याला खरंच काही ऐकू येत नाही. दोष आमच्या कानांचा, ते आमच्या घराण्यात तिखट.)

ताईला नमस्कार.

तुमचा,
चेहरा नसलेला मेहुणा

ता. क. चेहरा कोणाचाही चालणार असेल तर परक्याचा कशाला? तुमचे पांढरे केस, सरळ नाक. येता का? बोलायचं काही नाही, नुसते ओठ हलवायचे, आवाज दुसऱ्याचा. लग्न झाल्यापासून तुमचा तो सराव आहेच.

ता. क. २. नाही म्हणण्याआधी एक सांगतो. फोनवर मित्रांशी ताईबद्दल बोलायला तुम्ही ज्या खोलीत बसता, तिला मी बसवून दिलेलं दार याच जातीचं आहे. ताई बाहेर भाजी निवडत असते, आणि आम्ही दोघं एकाच आईची लेकरं. तेव्हा हे पत्र दार लावून वाचलंत तरी मनातल्या मनात वाचा.