शिवलेली फीत

१७ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, पोरं धिंगाणा घालत असतील आणि भावोजींचा गुडघा आता वाकत असेल, असं धरून चालतो.

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. पेन सापडेना, मग कागद सापडेना, आणि दोन्ही सापडले तेव्हा मी बूट पुसत बसलो. मी आणि बूट! तू बघितलं असतंस तर तिथेच ओळखलं असतंस की काहीतरी बिनसलंय. फोन केला असता, पण तू मधेच बोलतेस, आणि तू मधे बोललीस की मी भलतीकडे भरकटतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय. लिहून झालं की फोटो काढून मोबाइलवर पाठवतो, कागद मागून येईल.

तर, मला काम मिळालंय. हसू नकोस. मी झाडं ऐकतो.

म्हणजे असं, की खोडात बोटभर सळई ठोकायची, तिच्या डोक्यावर बटणाएवढा सेन्सर बसवायचा, त्याची तार हेडफोनला. आत खोडकिड्याची अळी लाकूड खात असेल तर कानात ऐकू येतं. बाहेरून झाड हिरवंगार, आत पंगत बसलेली. पण सळई ठोकली की अळ्या दबकतात, अगदी चिडीचूप. मग आपण थांबायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही, त्या पुन्हा खायला लागेपर्यंत. आमच्या बाई, म्हणजे यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझी चुळबुळ अशीच राहिली तर अळ्या उपाशी मरतील, पण तोंड उघडणार नाहीत." ताई, मी उभं राहायला शिकलो. एका जागी, गप्प. तुला खोटं वाटेल.

गाडीवाल्या मामांनी एकदा हौसेने हेडफोन लावला आणि ओरडले, "सापडली, सापडली, केवढी मोठी आहे!" ते झाडाला पोट टेकून उभे होते. आवाज त्यांच्याच पोटाचा. त्या दिवसापासून मामांना जेवल्याशिवाय झाडाजवळ येऊ देत नाही.

बघ, गेलोच ना भलतीकडे.

किडलेल्या झाडाला आम्ही लाल फीत बांधतो, निरोगी झाडाला हिरवी. तोडणारी टोळी वेगळी असते, ती मागून येते. ती ऐकत नाही की विचारत नाही. लाल दिसली की करवत.

आणि आमच्या वाट्याला आलेल्या रस्त्यांमध्ये आपला रस्ताही होता.

मी बाईंना सांगितलं नाही की हे माझं घर. फाटक तसंच आहे, अजून कुरकुरतं. डावीकडे तुझं झाड, तू झालीस तेव्हा बाबांनी लावलेलं. उजवीकडे, शिवणखोलीच्या छपरावर ओणवं झालेलं, ते माझं. मी सळई काढली तसं आतलं शिवणयंत्र थांबलं. बाबा खिडकीत आले. केस पांढरे झालेत गं, सगळेच. मी घर सोडल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य सांगू?

"माणसांची विचारपूस जमली नाही, आता झाडांची नाडी बघतोस होय?"

मी म्हणालो, "बाबा, जरा गप्प राहता? ऐकायचंय."

इतक्या वर्षांनी भेटल्यावर बापाला हे बोललो.

तुझ्या झाडात काही नव्हतं. कितीतरी वेळ थांबलो, नुसती शांतता. माझ्या झाडात मात्र... आपण अंथरुणात पडलेले असायचो आणि पलीकडे बाबा जाड कापड कापत असायचे, तो आवाज आठवतो? करच, करच, करच. तोच. एक कात्री नाही, सगळा शिंपीवाडा कामाला बसल्यासारखा.

मी माझ्या झाडाला लाल बांधली, तुझ्या झाडाला हिरवी.

"पान न् पान हिरवं आहे त्याचं," बाबा म्हणाले. "यंत्र खोटं बोलतंय."

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"तू चालवतोस म्हणून."

आणि खिडकी लावून घेतली.

परवा आम्ही शेजारच्या रस्त्यावर होतो. करवतीचा आवाज आला. म्हटलं, चला, चाललं आपलं झाड. उगाच कसंतरी झालं, म्हणून बघायला गेलो.

ताई, आडवं पडलेलं झाड तुझं होतं.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, मी डावं-उजवं विसरलो. कापलेला बुंधा पांढराशुभ्र, ओला, एक छिद्र नाही. टोळीवाला म्हणाला, "काय राव, यात किडा कुठाय?" मी फीत हातात घेतली. लाल होती. पण आम्ही घाईत कशीतरी गाठ मारतो, आणि हिला गाठच नव्हती. दोन टोकं दुमडून एकावर एक ठेवलेली आणि वर टाके. बारीक, सरळ, एकसारखे, कॉलरला घालतात तसे. असे टाके घालणारा त्या रस्त्यावर एकच माणूस आहे.

बाबा आत काजं करत होते. मान वर केली नाही.

"हो, मीच बदलल्या."

"बाबा, ताईचं झाड निरोगी होतं!"

"ठाऊक आहे. तूच ऐकलंस ना ते."

"मग? यंत्र खोटं म्हणत होता तुम्ही!"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "तिचा फोन येतो. पोरांचे फोटो येतात. ती आहे, हे कळायला मला झाड लागत नाही. तुझं माझ्याकडे तेवढंच होतं. किडकं तर किडकं."

मी तसाच माझ्या खोलीवर निघून आलो. म्हणून तर बूट.

मी मूर्खासारखा समजत होतो, की माझ्या झाडाला लाल फीत बघून त्यांना बरंच वाटेल.

आता खरं भय वेगळंच आहे. काल बाईंनी माझं झाड पुन्हा तपासलं. म्हणाल्या, सालीखाली फार काही उरलेलं नाही, वारा नसतानाही कोसळेल. कोसळेल ते थेट शिवणखोलीवर. बाबा तिथेच काम करतात, आता झोपतातही तिथेच. झाड तोडू देत नाहीत, खोली सोडत नाहीत. मी हातापाया पडलो. म्हणाले, "पडलं तर माझ्यावर पडेल. त्याच्या मालकासारखं, तुझ्यासारखं, पळून तर जात नाही ना?"

मी घरातून निघून गेलो, त्यापायी तुझं झाड गेलं. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण आधी त्यांना फोन कर. तुझं ऐकतील. आजच कर. सकाळपासून वारा सुटलाय आणि मला इथे बसवत नाही. तिकडे गेलो तर फाटकाला आतून कुलूप.

थांब जरा. खाली कुणीतरी "भिंगरी" म्हणून हाक मारतंय. हे नाव इथे कुणालाच माहीत नाही.

ताई, बाबा आलेत. पत्ता गाडीवाल्या मामांनीच दिला असणार. जिना चढून धाप लागलीय, दाराला धरून उभे आहेत. खाली हातगाडीवर शिवणयंत्र, त्यावर गादीची वळकटी. हातात हिरवी फीत आहे, टाके उसवलेली. मी कागदावर हे लिहितोय आणि ते ओरडतायत, "लिहीत काय बसलास? ते कानाला लावायचं घे बरोबर. तोडायच्या आधी मला एकदा ऐकू दे."

जातो गं.

तुझा,
जागच्या जागी उभा असलेला
भिंगरी