सु.चा कॉम्प्रेसर

ता. ४ फेब्रु. १९७३, रविवार. भिंगार

सुभाषनं रंग मारायचा कॉम्प्रेसर आणला. हे नाव ह्या वहीत शेवटचं पुरं लिहिलं. इथनं पुढं नुसतं सु.

नागापूरला एक वर्कशॉप बंद पडलं, तिथलं जुनं मशीन. हातगाडीवरनं आणलं तर गल्ली अशी जमली की जसं काय नवरीच उतरती. आई पण गेली. मशीनला हळदकुंकू लावून आली. सख्खा पोरगा इथं चार वर्षं ब्रशनं ट्रंका रंगवतोय, त्याच्या ब्रशला कधी कुंकू लागलं न्हाई.

मावशी, म्हंजे सु.ची आई, गेल्यापासनं आईचं असंच. भिंतीपलीकडं सु., भिंतीअलीकडं मी, आणि तव्यावरची पहिली भाकरी पलीकडं.

रात्री त्याच्या सायकलच्या घंटीत चिंच भरली.

ता. ६, मंगळ.

सु.नं कामावर रजा टाकली. दिवसभर टकटकटक. हवेच्या गननं डॉक्टरची स्कूटर रंगवली. बघायला जायचं न्हाई असं ठरवलं हुतं. गेलो. ब्रशचा फराटा न्हाई, एक केस चिकटलेला न्हाई. पत्र्यात माझं तोंड दिसलं. एरंडेल प्यायल्यासारखं.

आई : "बघ दिनू, आरसा हाय आरसा."

म्हणलं, "मग त्यात बघून टिकली लाव."

पाऊण तास जेवायला वाढलं न्हाई.

घंटी त्यानं धुऊन काढली. कोणी केलं, विचारलं पण न्हाई. विचारायला पायजे हुतं.

ता. ९, शुक्र.

दादांना म्हणलं, मला पण मशीन पायजे. म्हशीचे पैसे डब्यात हायेत. (चारा मिळंना म्हणून दिवाळीत विकली.) दादा लई वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणले, "घे. पण एकदाच. म्हैस परत परत विकता येत न्हाई. नीट बघून घे. सु.ला विचार."

शेवटचे दोन शब्द गिळले असते तर पाया पडलो असतो.

ता. ११, रवि.

मशीन बघत हिंडलो. एकटा.

मिल्ट्रीचं जुनं सामान विकणारा : ह्याचं मशीन अंगणात ठेवलं तर आमाला रस्त्यावर झोपावं लागंल. म्हणला, "टाकी खणखणीत हाय." चावीनं ठोकली. आत भुरभुर गंज पडला. म्हणला, वाळू असंल. म्हणलं, मग वाळूचे पैसे कमी कर. हाकललं.

पंक्चरवाले चाचा : छोटं मशीन, विकायचंय. गन लावून बघितली. हातभर रंग मारला की लागला दम. थांबा. परत हातभर. दम्याचा म्हातारा जिना चढतो तसं. चाचा स्वतःच म्हणले, "बेटा, टायरला जोर लागतो, गनला हवा लागते. पोटभर. हे तुझ्या कामाचं न्हाई." खरं बोलतात, म्हणून अजून पंक्चरच काढतात.

पुण्याचं नवं : दुकानात नुसता कागद बघितला. तीन फेज पायजे. आमच्या घरात एक, ती पण पाव्हण्यासारखी, कधी येईल कधी जाईल.

घरच्या लायटीवर चालणारं, टाकी मोठी, गनला हवा पुरंल, असं मशीन अख्ख्या भिंगारात एकच. भिंतीपलीकडं.

ता. १४, बुध.

डोकं चालवलं. ट्रॅक्टरची ट्यूब आणली, चाचांकडं टम्म फुगवली, ट्यूबला नळी, नळीला गन. फुकटची टाकी. राहुरीच्या पाव्हण्यांची ट्रंक घेतली, हिरवी. रंग काय सुटला. अंगणात नाचलो. वाळल्यावर हात फिरवला तर खरखर. ट्रंक पिठाच्या गिरणीतनं आल्यावानी.

सु. कामावरनं येताना थांबला. बोट फिरवलं. "दिनू, ट्यूबच्या आत पावडर असती रे, चिकटू नये म्हणून. ती आली हवेबरोबर." मग खाली बसला, शर्ट काढला आणि माझ्यासंगं ट्रंक घासाय लागला. अंधार पडूस्तोवर. हसला न्हाई. एकदा पण न्हाई.

हसला असता तर मिटलं असतं.

आईनं त्याला चांगल्या कपात चहा दिला. मला कानतुटक्या.

ता. १६, शुक्र.

सु. कामावर. मशीन त्याच्या पडवीत. हवा आत ओढायच्या तोंडाला पत्र्याची डबी हाय, डबीत लोकरीची चकती, धूळ गाळायला. आईची चमेलीच्या तेलाची बाटली नेली. चकती चिंब केली. डबी हुती तशी बसवली.

सु. गन मारंल आणि गल्लीभर तमाशाच्या तंबूचा वास सुटंल. लोक विचारतील, कोणता रंग काढला, चमेली का? आत्ताच पोट दुखतंय हसून.

ता. १८, रवि.

वास आलाच न्हाई. थिनरपुढं चमेली काय टिकती.

दुसरंच झालं. तेल हवेबरोबर रंगात उतरलं. सु.नं कुणाच्या लग्नातलं लोखंडी कपाट रंगवायला घेतलंय, आकाशी. रंग मारला की जागोजागी फाटतोय, मसुरीएवढे खड्डे. देवी आल्यावानी. घासलं, परत मारलं. परत तेच. टाकीतलं पाणी सोडलं. रंग बदलला. गन उकलून धुतली. डबी कोण उघडतंय.

मी पण शेजारी उभा. म्हणलं, "थिनर भेसळीचं असंल."

त्यानं थिनर पण बदललं. मी सांगितलं म्हणून.

ता. २०, मंगळ.

नवरीचा बाप आला. गल्लीदेखत बोलला. "लेकीला देवी आलेलं कपाट देऊ व्हय? सासरचे थुंकतील." हातगाडीवर घालून दुसऱ्याकडं घेऊन गेला. सु. फडकं हातात धरून उभा. फडकं पिळत हुता, कोरडंच हुतं.

मला वाटलं हुतं बरं वाटंल. वाटलं पण. दुपारपर्यंत.

ता. २२, गुरु.

संध्याकाळी सु. आला, दादांपुढं बसला. "काका, मशीन काढून टाकतो. आतनं तेल फेकतंय बहुतेक, कुठनं ते सापडंना. दिनू शोधतोय मशीन, पण त्याच्या गळ्यात नासकं मारायचं न्हाई मला. दोन दिवस तुमच्या अंगणात ठेवा, त्यानं चालवून बघावं. पटलं तर घ्यावं. तो म्हणंल त्या भावात."

दादा माझ्याकडं वळले. "तू सांग मग. ह्यातलं तुला कळतं."

वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणले. कुठल्या दिवशी म्हणले बघा.

ता. २४, शनि.

आई रेशनला गेली. चकती काढली, नवी घातली. डबी, नळी, गन, सगळं थिनरनं धुतलं. टाकी मोकळी केली, मशीन तासभर रिकामं पळवलं. मग ट्रंक मारली, लाल. एक खड्डा न्हाई.

आई आली, पिशवी तशीच खाली ठेवली. ट्रंक बघितली. मग माझा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "तुझ्या हाताला गुण हाय रे. सु.च्या हाताला जमलं न्हाई ते."

हे ऐकायला मी किती वर्षं

सु. पण आला. ट्रंकेभवती दोनदा फिरला. "म्हंजे मशीन चांगलं हाय. माझाच हात वाईट." मग म्हणला, "गन कशी धरतोस, दाखव की."

दाखवली. त्यानं तशीच धरली. तो कायम धरतो तशीच.

ता. २५, रवि. सकाळ

दहाला पैसे द्यायचे. दादांनी डबा देवापुढं ठेवलाय. म्हणले, तुझ्या हातानं दे.

आई नहायच्या आधी तेलाची बाटली शोधती. "दिनू, बघितली का रे? अर्ध्याच्या वर हुती."

"न्हाई."

"काल तुझ्या मशीनपाशी वास येत हुता बघ चमेलीचा. म्हणलं भासच."

तुझ्या मशीनपाशी, म्हणली.

जुनी चकती फेकली न्हाई. कागदात गुंडाळून कालच्या ट्रंकेत ठेवली हुती, का ठेवली ठाऊक न्हाई. आता सदऱ्याच्या खिशात हाय. कागदातनं तेल उतरलंय, डाग पसरतोय, वास खोलीभर.

बाहेर घंटी वाजली. सुभाष आला. दादांना म्हणतोय, मशीन दिनूकडं गेलं तर बरंच हाय, घरातल्या घरात. आईनं चहा टाकलाय. मला हाक मारतोय.