पान पाच

१ सप्टेंबर, सोमवार

बदलीवर रुजू झाले. घरचे सोडले तर या गावात ओळखीचं कुणी नाही, ऑफिसात तर नाहीच. विद्यापीठाच्या करार कक्षात खिडकीजवळचं टेबल मिळालं — छान आहे, पण खालचा ड्रॉवर उघडत नाही. विद्यापीठाला बाहेरच्या कुणाकडून सेवा घ्यायची असली — लिफ्टची देखभाल, साफसफाई, काहीही — की तिचा करार इथे तयार होतो. मग तो मंजुरीसाठी हिंडतो आणि शेवटी सहीला जातो.

कक्षप्रमुख बाई पन्नाशीच्या. आवाज इतका हळू, की आपोआप पुढे वाकावं लागतं. शिपायाने जिन्यातच कानावर घातलं होतं — सगळे प्राध्यापक या खोलीला ‘अडवणूक केंद्र’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत माझं तोंड वाकडंच.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहिलीच फाईल आणि पहिलंच भांडण.

पशुवैद्यक विभागाचे प्रमुख स्वतः आले. त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. गेल्या वर्षी एक दुभाषी ताई आपल्या सवडीने वर्गात यायची आणि शिकवलेलं तिला खुणांच्या भाषेत सांगायची. आता ती ताई एका संस्थेत नोकरीला लागली, म्हणून तिची सेवा त्या संस्थेकडून रीतसर घ्यायची. वर्ग पंधरा तारखेला सुरू. वेळ वाचावा म्हणून प्रमुखांनी संस्थेच्या छापील करारावर स्वतःच सही ठोकून दिली होती. आमच्याकडे आले ते फक्त नोंदीपुरते.

बाईंनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ते तोवर उभेच.

“सर, ही सही चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “विद्यापीठाच्या वतीने सही करायचा अधिकार फक्त कुलसचिवांना आहे. उद्या काही बिनसलं तर हा करार विद्यापीठाचा धरणार नाहीत. तुमचा एकट्याचा धरतील.”

ते भडकले. मुलगी वर्गात नुसती भिंतीकडे बघत बसेल, तेव्हा तुमचे अधिकार तिला समजावून सांगा, असं बरंच काही बोलले. जाताना दार आपटलं नाही, पण लावलंही नाही.

मला त्यांचंच पटलं. खरं ते लिहून ठेवते.

४ सप्टेंबर, गुरुवार

बाईंनी तोच छापील कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, यात त्या मुलीला काय मिळणार नाही, ते शोधा.

आजवर मी करारात काय मिळतं तेवढंच बघत आले! तासभर डोकं घातलं. प्रात्यक्षिकं यात धरलेलीच नाहीत. परीक्षाही नाही. मला या दोनच गोष्टी सापडल्या, बाईंना पाच. दुभाषी गैरहजर राहिली तर बदली माणूस ‘उपलब्धतेनुसार’ — म्हणजे मिळाला तर मिळाला. वर्गाचं चित्रीकरण केलं तर त्यावर हक्क संस्थेचा. आणि एका दिवसाच्या सूचनेवर सेवा बंद करायची मुभा.

प्रमुखांची सही या सगळ्याच्या खाली होती. न वाचता केलेली, दुसरं काय.

परवाचं माझं मत मागे घेते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंनी मुलीलाच बोलावून घेतलं. इतक्या दिवसांत इतकी माणसं तिच्याबद्दल बोलली, पण तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

ती आली, सोबत दुभाषी ताई. मी बोलताना ताईकडेच बघत होते. बाई मात्र पूर्ण वेळ मुलीकडे बघून बोलल्या. मुलगी हातांनी बोलायची, ताई ते आवाजात सांगायची.

“माझ्या विषयातल्या बऱ्याच शब्दांना खुणाच नाहीत,” मुलगी म्हणाली. “गेलं वर्षभर आम्ही दोघींनी त्या बनवल्या. मध्येच कुणी नवीन आलं, तर माझ्यासाठी पुस्तकच बदललं.”

मग तिने गाईच्या पोटाचे चार कप्पे दाखवले — एकाच मुठीच्या चार तऱ्हा. बाईंनी करून बघितल्या. तिसऱ्या कप्प्याला बाईंची बोटं अडकली आणि मुलगी खळखळून हसली.

जाता जाता बाईंनी ताईला विचारलं, तयारीला किती वेळ लागतो? प्रत्येक व्याख्यानामागे दोन तास, ती म्हणाली. ते अर्थात कामात धरत नाहीत.

“का?” बाईंनी विचारलं.

हा प्रश्न ताईला आजवर कुणी विचारलाच नसावा.

८ सप्टेंबर, सोमवार

मसुदा. अकरा पानं. मी मोठ्या थाटात लिहिलं होतं — ‘पुरवठादाराने यथोचित तयारी करावी’. बाईंनी यथोचितखाली पेन्सिलीने रेघ मारली. यथोचित म्हणजे किती? म्हणाल्या, भांडण झालं की हा शब्द दोन्ही बाजूंनी लढतो.

पान पाच पुन्हा लिहिलं. व्याख्यानाची टिपणं दुभाषीला दोन दिवस आधी मिळतील. तयारीचे दोन तास हे कामाचेच तास. बदलीसाठी दुसरी दुभाषी असेल आणि ती पहिल्या दिवसापासून या दोघींनी बनवलेल्या खुणांची सूची शिकेल. वाचून बघितलं. एकही वाक्य असं नाही, की त्या मुलीला कळणार नाही.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही दिवसभर नुसत्या शब्दांना बडवत बसता होय? हो म्हटलं. मला आवडायला लागलंय.

१० सप्टेंबर, बुधवार

मंजुरीची फेरी. बाई फाईल शिपायाबरोबर पाठवत नाहीत, स्वतः घेऊन जातात. वित्त विभाग, विमा, विधी सल्लागार — तीन इमारती, सात जिने. गुडघे माझे दुखतायत, त्या ठणठणीत.

विधी सल्लागारांनी एक अट वाढवली. मुलीच्या कानांचा वैद्यकीय दाखला कराराला जोडा. बाई म्हणाल्या, तिचे कान हा तिचा खासगी मामला आहे, संस्थेच्या कपाटात तो कागद कशाला? त्यांनी अट स्वतःच खोडली.

अडवणूक केंद्र म्हणे. या बाईंनी आठवडाभरात जेवढी दारं उघडली, तेवढी मी वीस वर्षांत ठोठावलीही नसतील.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नीट क्रमाने लिहिते.

कुलसचिव आज चार वाजता दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर निघणार होते, म्हणजे सही आज नाही तर पंधरा तारीख गेली. अकरा वाजता संस्थेच्या संचालिका आल्या. दोन प्रती, प्रत्येक पानावर छोटी सही, शेवटच्या पानावर पूर्ण, मग शिक्का. पाऊण तासात सगळं पार पडलं. बाईंनी चहा मागवला.

दीड वाजता फाईल लावताना पान पाच डोळ्यांपुढे आलं. ‘यथोचित तयारी’.

जुनं पान! दोन्ही प्रतींत. सहीसाठी प्रती मीच लावल्या होत्या.

आधी काय वाटलं तेही लिहिते — कुणाला कळणार आहे? सह्या झाल्यात. तयारी काय, दुभाषी ताई आजवर तशीच करत आली. अशी दहा मिनिटं बसून राहिले. मग उठले आणि बाईंना सांगितलं.

त्या घोटभर पाणी प्यायल्या. खरं पान छापायला लावलं, संचालिकांना फोन करून परत बोलावलं आणि मला म्हणाल्या, चला. कुलसचिव बॅग भरत होते.

“चूक कुणाची?” त्यांनी विचारलं.

“कक्षाची,” बाई म्हणाल्या.

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बदललेल्या पानावर कुलसचिवांच्या आणि संचालिकांच्या नव्या सह्या झाल्या, पान बदलल्याची नोंद झाली. तीन चाळीस.

खाली उतरताना मला रडू आवरेना. बाईंनी थांबून रुमाल दिला. म्हणाल्या, मसुद्याच्या प्रत्येक पानावर तारीख घालत जा. मीही एकदा अशीच शिकले.

१३ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर झोपले.

१५ सप्टेंबर, सोमवार

विभागाची प्रत द्यायला गेले आणि वर्गात मागे थोडी थांबले. फळ्यापाशी प्रमुख, बाजूला दुभाषी ताई, पहिल्या बाकावर मुलगी. दुसरी दुभाषी वही घेऊन तिच्या शेजारी, खुणा टिपून घेत होती. प्रमुख अवघड शब्दाशी आले की थांबायचे, ताईकडे बघायचे, ताईने मान हलवली की पुढे. मुलीचे डोळे एकदाही भिंतीकडे गेले नाहीत. तिने प्रश्न विचारला तेव्हा अख्खा वर्ग तिच्या हातांकडे बघत होता.

तास संपल्यावर प्रमुखांनी अकराही पानं उभ्याउभ्या वाचली. पान पाच दोनदा. मग म्हणाले, तुमच्या बाईंना सांगा, प्रत मिळाली. बस, एवढंच. आभाराचा एक शब्द नाही. मला राग आला. बाईंना निरोप सांगितला, तर त्या नुसतं हं म्हणाल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज फाईल कायमची कपाटात लावायची होती. सगळ्यात तळाला बाईंचं एक पत्र सापडलं, कुलसचिवांच्या नावे, दोन तारखेचं. ‘सेवेची मागणी करणारे विभागप्रमुख माझे पती आहेत. तरी या फायलीवरची माझी प्रत्येक टिपणी आपण स्वतः तपासावी.’ खाली बारीक अक्षरात कुलसचिवांचा शेरा — ‘तपासेन. फाईल तुमच्याकडेच राहू द्या.’

पाच वाजता खिडकीतून बघितलं. प्रमुख गेटपाशी थांबले होते. बाईंच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, आणि दोघं बोलत बोलत घराकडे चालू लागले.