आबाच्या आवाजाचं कार्ड

तृप्ती,

मी राजूरला चाललो, ज्वारीच्या राखणीला नवा सोलरचा स्पीकर आणायला. काल वानरानं जुन्याचं पॅनल फोडलं अन् तो कायमचा गप झाला. तसंबी पाखरं त्याच्याच डोक्यावर बसून दाणे खाऊन राह्यल्ती. म्हशीला पाणी पाज, मी इसरलो.

तू म्हणली, बिनकार्डाचा आणा अन् आता तुमचा आवाज भरा. आबाला जाऊन सहा महिने झाले, मेल्या माणसानं वावरात वरडणं बराबर न्हाई. बायाबी कामाला येईनात. म्हणतात, म्हातारा जिता असताना इतका वरडला न्हाई. बिलकुल खरंय. पण त्या कार्डात "हाऽऽड, हाऽऽड" संपलं की आबाचं "सगुणे, चहा आण गं" बी चुकून भरल्या गेलंय. ते ऐकलं की आई खरंच चहा घेऊन निघते. आभाळ आलं अन् स्पीकर बंद पडला की म्हणते, "रुसले वाटतं." त्या दिवशी ती जेवत न्हाई.

म्हणून मी कार्डवालाच आणणार. तुला रागवायचं तर रागव.

कार्ड माझ्या खिशात आहे अन् फुटका स्पीकर पिशवीत. आईला दोन्ही दाखवलं. तरी आत्ता ती कप घेऊन वावराकडं निघाली. मी म्हणलं, "आई, आज कोण हाक मारणार?"

"आज तर लई साफ आवाज येऊन राह्यला," म्हणली.

सोमेश्वर