मागाच्या बाकाची उंची

नर्मदा,

तू सोनगीरहून परतशील तेव्हा मी दीपनगरला कामावर असेन, म्हणून लिहून ठेवतो. विणताना पाठ दुखते तर माग विकून टाक, असे मी म्हटल्यावर तू भावाकडे निघून गेलीस. जाताना म्हणालीस, "सांगनं सोपं शे, एक दिन बसी देखा!" काल तीन तास बसलो. माझे विधान चुकीचे होते. दोष मागाचा नाही, बाकाचा आहे. तो इतका बुटका आहे की धोटा फेकताना दर वेळी खांदा उचलावा लागतो. मागाला तू बांधलेल्या काळ्या दोऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. तरीही तो सोडलेला नाही.

सुताराकडून नवा बाक आणला आहे. त्याचे पाय मुद्दाम लांब ठेवले आहेत. पायाने दाबायच्या पावडीपासून तुझा गुडघा किती उंचीवर येतो, हे त्याने विचारले. अठरा वर्षांच्या संसारानंतरही मला सांगता आले नाही. अंदाजाने कापलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

रविवारी करवत घेऊन येईन. तू घरात नसलीस तर बाक तसाच ठेवीन आणि त्यापुढच्या रविवारी पुन्हा येईन.

— बन्सीलाल