आधीचं मूल

अहो,

असं म्हणायचा हक्क आता राहिला नाही, पण तुम्हाला नावाने हाक मारायला जीभ वळत नाही.

काल तुमच्या मुलीच्या कपाळाला कावीळ मोजायचं यंत्र मीच लावलं. तोंडावर मास्क होता, तुम्ही ओळखलं नाहीत.

प्रत्येक बाळाचा आम्ही एक कागद भरतो. दिवस भरले होते का, दूध नीट ओढतं का, आधीच्या मुलाला कावीळ झाली होती का. कुणाची कावीळ चढेल, याचा अंदाज त्यावरून बांधतात. शेवटच्या प्रश्नावर तुम्ही हसून म्हणालात, "सिस्टर, पहिलंच आहे आमचं."

तुमची बायको कौतुकाने तुमच्याकडे बघत होती. तिला तुम्ही आपल्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही, हे मला तिथंच कळलं. म्हणून कागद घेऊन बाहेर पडले.

आपला मुलगा चौथ्या दिवशी पिवळा पडला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. आपण धरला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

टेबलाशी आले आणि त्या रकान्यात 'हो' लिहिलं. म्हणून तुमच्या मुलीचं रक्त लवकर तपासलं. आकडा भराभर चढत होता. आता ती डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली झोपली आहे. उतरेल तिची, काळजी करू नका.

त्या 'हो'च्या शेजारी माहिती देणाऱ्याचं बाळाशी नातं लिहायचं असतं. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी कागद परत पाठवलाय. मला काही सुचेना, म्हणून त्याच पेनने हे लिहीत बसले. ती जागा अजून कोरीच आहे.

सिस्टर