कोकिळेनं अंगठे धरले

बुलढाणा, ४ जुलै १९६३
चि. सौ. झुंबर हिला शालिग्रामदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं कार्ड वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवून उठलो! देवीच्या साथीत डोळे गेलेली माझी भाची कोकिळा शाळेत बसली! शिक्षण सर्वांचं, असं मी सभांतून घसा फोडून सांगतो; पण शाळेचं दार शेवटी गुरुजीच उघडतात. माणिकराव गुरुजींना माझा नमस्कार सांग. पाढे कुठवर आले? लोभ आहेच, उत्तराला उशीर केलास तर कमी करीन.

तुझा दादा


वडनेर भोलजी, २० जुलै
ती. स्व. दादांचे चरणी झुंबरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

नमस्कार सांगितला नाही, रागावू नका. गुरुजी वाईट नाहीत. कोकिळेला खिडकीशी बसवतात, खडीसाखर देतात, आणि विचारत काहीच नाहीत. शाळा सुटताना एकेक पोर उभं राहून पाढा म्हणतं. चुकलं की पायाचे अंगठे धरायचे. हिची पाळी आली की म्हणतात, राहू दे, बिचारी आहे. काल पोरीनं खडीसाखर अंगणात फेकली अन् मले विचारलं, की मी शाळेत पाव्हणी आहो काय? काय सांगू?

तुमची झुंबर


बुलढाणा, २३ जुलै
चि. झुंबर हिला आशीर्वाद.

दया! दयेनं पोट भरेल, पाढा पाठ होणार नाही! पोरीला आत घ्यायचं आणि उंबऱ्यावरच बसवायचं? पुढच्या रविवारी येतो. पारावर सभा लावतो, सारं गाव ऐकेल!

दादा


वडनेर भोलजी, २७ जुलै
ती. स्व. दादांस शि. सा. नमस्कार.

सभा नको. मीच शाळेत गेले. म्हटलं, गुरुजी, माझ्या पोरीले बी रागवा. ते म्हणाले, आंधळ्या लेकराला रागावलं तर पाप लागेल. मी म्हटलं, परवा तिनं दुधाचं गंज लवंडलं तवा मी धपाटा घातला, मले काऊन नाही लागलं?

काल त्यांनी तिला तेराचा पाढा विचारला. पोरगी साताशी अडली. गुरुजी गरजले, धर अंगठे! दादा, ती गल्लीच्या तोंडापासून ओरडत आली, की मले गुरुजी रागावले, साऱ्यांसारखी मी बी ओणवी होती! मी घरोघर गूळ वाटला. आज फळ्यावर लिहिलेलं गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. मागच्या रांगेतली पोरंही म्हणे जागी राहिली.

पुढच्या रविवारी गूळ खायला या. पण तेराचा पाढा पक्का करून या, भाची विचारणार आहे. चुकलात तर सूट नाही म्हणते. तुमचं पोट पाहता अंगठे हाती लागतील का, हीच मले काळजी. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची झुंबर